तारपा आणि पंधरा इंची स्पीकर

वादकाने फुंकून वाजवायचा तारपा खाली ठेवल्यावर भाच्याने परवानगी विचारली आणि तारप्याच्या तोंडात हात घातला. मनगटाच्याही वर गेला. ताडाचं पान एकावर एक गुंडाळत, पुढे पुढे रुंदावत नेलेलं, सुकून कातड्यासारखं चिवट झालेलं. जोडाजोडांवर काळपट मेण. "मामा, हा तर लग्नातला भोंगा आहे," तो म्हणाला.

आहेच. भात कापून झालं होतं, जव्हारकडच्या साखरशेतच्या उतारावर खळी पडली होती, आणि मी त्याला मुद्दाम इथवर आणलं होतं. हा मुलगा ठाण्यात सर्फ गिटार वाजवतो. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांमध्ये हे संगीत फोफावलं. बहुतेकदा शब्द नाहीत, गिटारच गाते, आणि तिचा प्रत्येक सूर पाण्यातून बाहेर आल्यासारखा ओला. कोणता अ‍ॅम्प घेऊ, कोणता स्पीकर घेऊ, हा प्रश्न त्याने मला सहा महिने विचारला होता. मला वाटलं, आधी विजेशिवाय आवाज मोठा कसा होतो ते बघू दे.

तारप्याचं पोट म्हणजे वाळवलेला दुध्या भोपळा. त्यात खालून बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, दोन हातांच्या बोटांसाठी. नळ्यांच्या वरच्या टोकाला बांबूचीच पातळ जीभ, आणि ती भोपळ्याच्या आत. ओठ तिला कधीच लागत नाहीत. वाजवणारा फक्त भोपळ्यात हवा भरतो. ती दाबाने जिभेवरून सुटते आणि जीभ थरथरते. गालात साठवलेली हवा सोडता सोडता तो नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. पण त्या जिभेचा आवाज मुळात चिमुकला. तिच्याभोवतीची हवा अफाट, ती हलवायची कशी? मध्ये कर्णा लागतो. अरुंद टोकाला थोडी हवा जोरात हलते, आणि रुंदावत जाणारी वाट तिचा जोर हळूहळू मोठ्या हवेच्या हवाली करते. पानाची ही एक गुंडाळी काढून टाका, त्याच फुंकरीत तारपा निम्मा मुका होईल. जव्हारच्याच वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा स्वतः बनवतातही आणि वाजवतातही. संगीत नाटक अकादमीने त्यांना गौरवलं आहे. मला तो गौरव वादकाइतकाच कारागिराचाही वाटतो.

मग नाच सुरू झाला. एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी तारपावाल्याभोवती फिरू लागली, वारली चित्रात दिसते तशीच. आणि इथे एक गंमत आहे: नाचणारी माणसं आवाज पितात. अंग, कपडे, केस, सगळं थोडं थोडं शोषून घेतं. वर खळ्याला भिंत नाही, छप्पर नाही, सुटलेला सूर परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने उतरते. तरी शेवटच्या माणसाच्या पावलापर्यंत ताल पोचलाच पाहिजे.

नेमकी हीच अडचण कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या रॉन्देवू बॉलरूममध्ये सर्फ गिटारवादक डिक डेलसमोर उभी राहिली. १९६१ चा सुमार, समोर हजारो पोरं नाचताहेत. दुकानात दणकट वाटणारा अ‍ॅम्प तिथे कापसासारखा व्हायचा, आणि आवाज वाढवला की जळायचा. अ‍ॅम्प बनवणारे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. डेल सांगत असे की शेवटी ते त्या गर्दीत येऊन उभे राहिले, आणि तिथे त्यांना डेलचं म्हणणं कळलं. त्यातून आला शोमॅन अ‍ॅम्प: सुमारे ८५ वॅट, आणि जेबीएलचा पंधरा इंची डी-१३० स्पीकर, ज्याच्या तारेचं वेटोळंच चार इंच रुंद. १९६२ ला डेलने 'मिसिरलू' हे पूर्व भूमध्यसागराकडचं जुनं लोकगीत गिटारवर आणलं, तेव्हा ताकद अशी गोळा झालेली होती.

भाच्याला मी हेच सांगत होतो. वॅट मोजू नकोस. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम तीन डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. त्याउलट एक वॅट दिल्यावर मीटरभर अंतरावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०० देणारा लावलास, तर तोच अ‍ॅम्प दुप्पट वॅटचा झाला. पानाचा कर्णा जे करतो ते स्पीकर करतो. मात्र सर्फला आवाज स्वच्छ हवा, फाटलेला नको. जाड तारा जोरात छेडल्या तरी अ‍ॅम्पला दम उरला पाहिजे. म्हणून मोठ्या हॉलसाठी फेंडरचा ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब, आणि ठाण्यातल्या खोलीसाठी २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब पुष्कळ. अमेरिकेतून जुना मागवलास तर तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर थेट लावलास तर जळेल. मध्ये ट्रान्सफॉर्मर घे.

आणि तो ओलेपणा? तो स्प्रिंगचा. दीड फुटाच्या पत्र्याच्या पेटीत बारीक स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारचा सूर एका टोकाला त्यांना पिळतो, लाट दुसऱ्या टोकाला जाते, परत येते, पुन्हा जाते. ही युक्ती संगीताची नव्हेच. बेल प्रयोगशाळेत लांबच्या टेलिफोन तारेतला उशीर खोलीत बसून अभ्यासता यावा म्हणून स्प्रिंग वापरली गेली, हॅमंड ऑर्गनवाल्यांनी ती उचलली, आणि १९६१ मध्ये फेंडरने तिची वेगळी पेटी काढली. स्प्रिंगमधून सगळे सूर एका वेगाने धावत नाहीत. खालचे आधी पोचतात, चढे मागून. एका टणत्कारातले सूर असे विखरून येतात, म्हणून कानाला थेंब पडल्याचा भास होतो. पेटी अ‍ॅम्पच्या आधी जोडली की तो थेंब सर्वांत टपोरा. अ‍ॅम्पला धक्का लागला तर स्प्रिंगा गडगडतात, आभाळासारख्या.

मुंबईने हा आवाज किती लवकर ओळखला ते 'गुमनाम' चित्रपटात ऐका. १९६५, शंकर-जयकिशन, रफींचा आवाज, 'जान पहचान हो'. पडद्यावर 'टेड लायन्स अँड हिज कब्स' हा बँड, आणि लक्ष्मी छाया बेभान नाचतेय. तिथेही गिटार नाचणाऱ्यांसाठीच.

रात्री उशिरा भाचा म्हणाला, कुठवर पोचतो ते बघून येतो. कापलेल्या भाताच्या खुंटांवरून तो उतरत गेला. तारपा चालू होता, साखळी फिरत होती. बराच वेळ तो दिसेना. मग पार खाली, ओढ्याच्या अलीकडे, त्याची बॅटरी दोनदा लुकलुकली, मी सांगून ठेवल्याप्रमाणे: ऐकू येतंय. थोड्या वेळाने ओढ्याच्या पलीकडून पुन्हा दोनदा.