गोरव्यातली पहिली इयत्ता

बडोद्याच्या शिक्षणाबद्दल लिहायला घेतलं की लेख सयाजीरावांपाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. संपादकांनी या वेळी सांगितलं होतं, आज वर्गात काय चालतं ते पाहून लिहा. म्हणून श्रावणातल्या एका दिवशी गोरव्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात मागे बसलो. शाळेचं आणि बाईंचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे सगळे त्यांना ‘बेन’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

महाराजांना मात्र अगदीच वगळता येत नाही. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सबंध संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. १९११ साली गोखल्यांनी कलकत्त्यात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा दाखला बडोद्याचाच दिला. ते विधेयक पडलं. पण मला या कायद्यांहून एक वेगळीच गोष्ट जवळची वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यात आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख जेमतेम होती. मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा त्याला जवळपास एकदमच शिकाव्या लागल्या. गोरव्याच्या या वर्गात बसलेल्या मुलांची अवस्था फार निराळी नाही.

गोरवा हे एके काळचं शहराबाहेरचं खेडं. १९०७ साली स्थापन झालेल्या अलेम्बिक या औषध कंपनीचा पसारा इथे वाढला, औद्योगिक वसाहत आली, आयटीआय आलं आणि त्यांच्यामागून कामगारांच्या चाळी. बिऱ्हाडं खानदेशातून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आली, दाहोद-पंचमहालातून आली. त्यामुळे एकाच सतरंजीवर अहिराणी, मराठी, भोजपुरी, हिंदी आणि दोन-तीन तऱ्हांची गुजराती मांडीला मांडी लावून बसते. शहरात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळाही आहेत. पण घराजवळची शाळा गुजराती, आणि पुढे कारखान्यात कामाला तीच भाषा लागणार, असा पालकांचा सरळ हिशेब असतो.

प्रार्थना झाली, हजेरी झाली. ‘हाजर, बेन’ हे प्रत्येकाला गुजरातीत ठणठणीत म्हणता येतं. त्यानंतर अक्षरं आली, आणि माझं लक्ष दिवसभर त्यांच्यावरून हललं नाही.

आपण ‘अ आ इ ई’ने किंवा ‘क ख ग घ’ने सुरुवात केली. गुजरातच्या पहिलीत कित्येक वर्षं सुरुवात होते ती न, म, ग, ज या चार अक्षरांनी. काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. पण या चौघांना उलटसुलट करा: मन, जन, जग, गज, नग, मग, नमन, गगन, मगन, मगज. चार अक्षरं हाती आली की मूल दहा शब्द वाचू लागतं. वर्णमाला पाठ करणाऱ्या मुलाला पहिला शब्द वाचायला किती दिवस थांबावं लागायचं, ते आठवून पाहा. पुढची चौकडी व, र, स, द. आता वरस, दस, रस, सरस, नगर, गरम, मदद हेही वाचता येतं. ज्याने कुणी ही रांग लावली, त्याला लहान मुलाची घाई नेमकी ठाऊक होती. आपलं वाचणं खरंच काही सांगतंय, याचा पुरावा मुलाला ताबडतोब हवा असतो.

या रांगेत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे शब्द आधीपासून मुलाच्या कानात असतो. गोरव्यात तो असतोच असं नाही, आणि बेनचं खरं काम इथेच सुरू होतं. त्यांनी वाटीभर हिरवे मूग आणले होते. मूठ उघडून विचारलं, ‘आ शुं छे?’ खानदेशी आणि भोजपुरी मुलं एका सुरात ओरडली, ‘मूग!’ बेननी मान डोलावली, त्यांना चूक म्हटलं नाही. दोन दाणे एका मुलीच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, ‘मग.’ दाणे हातोहात फिरले आणि ज्याच्या हातात जातील त्याने ‘मग’ म्हणायचं असं ठरलं. सगळा वर्ग फिरून झाल्यावरच त्यांनी भिंतीच्या तळाशी रंगवलेल्या फळ्यावर ती दोन अक्षरं काढली. आधी वस्तू, मग उच्चार आणि सगळ्यात शेवटी खडू, हा क्रम त्यांनी दिवसभरात एकदाही मोडला नाही.

त्याच वेळी वर्गाच्या दुसऱ्या कोपऱ्यात चार मुलं पुढच्या चौकडीवर होती. हे जमतं ते ‘प्रज्ञा’ पद्धतीमुळे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत वाड्यावस्त्यांवरच्या एकशिक्षकी शाळांसाठी जी कार्डांची पद्धत उभी राहिली, तिच्या धर्तीवर गुजरातने २०१० साली प्रज्ञा सुरू केली. भिंतीवर एक लॅडर असतं, मूल त्यावर आपली पायरी शोधतं, त्या खुणेचं कार्ड काढतं आणि आपल्या छाबडीत, म्हणजे गटात, जाऊन बसतं. एका छाबडीत बेन स्वतः शिकवतात, एकीत सोबती मदत करतो, एकीत मूल एकटंच काम करतं. सगळ्यांनी एकाच पानावर असायची सक्ती नाही.

त्या कोपऱ्यात एका मुलाने ‘मगर’ लिहिलं आणि सगळे तिकडे धावले. विश्वामित्रीच्या मगरी बडोद्याच्या मुलांना चित्रात पाहाव्या लागत नाहीत. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या होत्या. हा शब्द वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक भाषेत असल्यामुळे इथे मुगाची वाटी लागली नाही. अडचण निघाली ती भलतीच. गुजराती ‘र’ हुबेहूब आपल्या दोनच्या आकड्यासारखा दिसतो, आणि गुजराती दोनही तसाच. एका मुलीने ‘मगर’ वाचलं ते ‘मग बे’ असं. बेननी तिच्या शेजारी उकिडवं बसून विचारलं, ‘पाण्यात कोण राहतं?’ मुलीने पुन्हा पाहिलं, ओठ हलवले आणि तिसरं अक्षर आकड्याचं अक्षर झालं. ‘प’ शिकवताना पाचाशी असाच गोंधळ होणार, हे बेनना आत्ताच ठाऊक आहे.

मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. ‘गोरवा’ या नावातली ग, र, व ही तिन्ही व्यंजनं पहिल्या आठ अक्षरांतच येऊन जातात. थांबायचं ते फक्त ओकारासाठी आणि कान्यासाठी.

मधल्या सुट्टीतल्या जेवणाबद्दल एवढंच सांगतो की गुजरातेत ते १९८४पासून मिळतं आणि या वर्गात त्या वेळी कुणी गैरहजर नसतं. दुपारी गणित झालं. दहा-दहा काड्यांना रबर लावून दशक करणं मुलांना भाषेविना जमतं, त्यामुळे सकाळी मुकी असलेली दोन मुलं इथे पुढे सरसावली.

आता काळजीचं. अक्षरांची ही रांग जितकी हुशार, तितकीच नाजूक आहे. प्रत्येक चौकडी मागच्या चौकडीवर उभी असते. पहिल्या आठांत कच्चं राहिलेलं मूल तिसऱ्या गटात शब्द जुळवू शकत नाही, नुसते आकार गिरवतं. आणि गोरव्यातल्या मुलांची गैरहजेरी नेमक्या वेळी येते. दिवाळीची सुट्टी एकवीस दिवसांची, पण गावी गेलेलं कुटुंब शेतीची कामं उरकून परततं. मग लगीनसराई, मग होळी. दाहोदकडच्या माणसासाठी होळीला घरी जाणं टाळण्यासारखं नसतंच. मूल परत येतं तेव्हा सोबती दोन चौकड्या पुढे गेलेले असतात.

कागदावर प्रज्ञाकडे याचं उत्तर आहे: मूल जिथे थांबलं त्याच पायरीवरून पुन्हा चढेल. पण त्या पायरीवर त्याच्याशेजारी बेनना बसावं लागतं, आणि बेन एकट्या आहेत. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक मागतो. तीस हा आकडा सगळी मुलं एका भाषेतून आली असतील तर निभावतो. इथे मगचा दाणा प्रत्येक हातात द्यावा लागतो. त्यातच ऑनलाइन हजेरी, चाचण्यांच्या गुणांच्या नोंदी, निवडणुकीच्या याद्या. हे सगळं काम वर्गाच्या वेळेतून किंवा बेनच्या रात्रीतून जातं.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेने २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मूल समजून वाचेल असं ठरवलं आहे. उद्दिष्ट मला मनापासून पटतं. पण तिसरीत मोजणी करून पहिलीतली भोकं बुजत नाहीत. मी पाहिलं त्यावरून मागणी एकच सुचते: दिवाळीनंतरचे सहा आठवडे आणि होळीनंतरचे काही, अशा वर्गांना आणखी एक माणूस द्यावा. अहिराणी किंवा भोजपुरी येणारी त्याच चाळीतली शिकलेली मुलगी चालेल, तिला योग्य मानधन मिळावं, आणि तिने दुसरं काहीही करू नये, फक्त परतलेल्या मुलांबरोबर पहिल्या आठ अक्षरांपाशी बसावं. बेनना हे विचारलं तेव्हा त्यांनी अशा मुलांची यादीच काढून दाखवली. नावापुढे मूल कोणत्या अक्षरावर असताना गेलं ते पेन्सिलीने लिहिलेलं होतं. गेल्या वर्षीच्या यादीतली तीन नावं ‘व’पाशी थांबलेली आहेत, आणि ती मुलं आता दुसरीत बसतात.