कराडहून दाभोळला : एका बंदराची वाट

सातारा-सांगलीचा माणूस समुद्राला तसा पारखाच. आपल्याकडे पाणी म्हणजे कृष्णा, आणि माझ्यासारख्या जत तालुक्यातल्या मुलाला तर पाणी म्हणजे उन्हाळ्यात वाट पाहायची गोष्ट. तेव्हा 'आपलेही एक बंदर होते' असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. परंतु ते खरे आहे. त्या बंदराचे नाव दाभोळ. गेल्या मे महिन्यात आम्ही चार मित्र दोन मोटारसायकलींवरून तेथे जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. वाटेत जे प्रश्न पडले आणि त्यांची जी उत्तरे सापडली, ती मांडावीत एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम वाटेविषयी. साताऱ्याचे दोघे महामार्गाने आणि सांगलीकडचे आम्ही दोघे पेठनाक्यावरून कराडला एकत्र आलो. तेथून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट आणि पायथ्याशी चिपळूण. ही वाट आजची नव्हे. कराड हे फार जुने गाव. मध्य भारतातील भारहूतच्या स्तूपावरील शिलालेखांत 'करहाकट' येथील दानकर्त्यांचा उल्लेख आहे, आणि गावाजवळच आगाशिवची बौद्ध लेणी आहेत. लेणी कोरायला पैसा लागतो आणि पैसा व्यापारी वाटेवर असतो, हे आमच्या प्राध्यापकांचे वाक्य घाटात आठवले. देशावरचे कापड आणि धान्य बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे. चिपळूणजवळच्या गोवळकोट धक्क्यावर ते होड्यांत चढे आणि वाशिष्ठी नदीतून दाभोळला पोचे.

दाभोळच का? नकाशा पाहिला म्हणजे हे लगेच ध्यानात येते. वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते तेथे तिची खाडी रुंद आहे, आणि दाभोळ गाव उत्तर काठावर डोंगराच्या कुशीत, उघड्या समुद्रापासून थोडे आत आहे. तेथे गलबतांना वाऱ्यापासून आसरा मिळे. समोर दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड खाडीच्या तोंडावर पहारा देतो. बहमनी आणि पुढे आदिलशाही राजवटीत हे दख्खनचे एक मोठे प्रवेशद्वार होते. घोडदळावर उभ्या असलेल्या या राज्यांना दख्खनमध्ये चांगले घोडे मिळत नसत. ते अरबस्तानातून व इराणकडून समुद्रमार्गे येत. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात दख्खन पाहून दाभोळहूनच परत निघाला. त्यानेही येथील घोड्यांच्या बाजाराची नोंद केली आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ याच बंदरात उतरला, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. म्हणजे मिरजेवर ज्यांनी राज्य केले, त्या घराण्याचे पहिले पाऊल दाभोळच्या वाळूत उमटले होते.

मग असे बंदर ओस का पडले? आम्हां चौघांत यावरून बराच वाद झाला. पहिला घाव पोर्तुगीजांचा. इ. स. १५०८ च्या मार्च महिन्यात चौलच्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठी दीवकडे निघालेल्या आल्मेइदाने डिसेंबरअखेर वाटेतले दाभोळ जाळले व तेथे कत्तल केली. तरीही गाव पुन्हा उभे राहिले. काठावरची देखणी घुमटाची मशीद ही आदिलशाही काळातली, या घटनेच्या पुष्कळ नंतरची आहे. हजला निघालेल्या एका शाहजादीने ती बांधविली, असे गावकरी सांगतात.

तेव्हा केवळ जाळपोळीने बंदर मरत नाही. बंदर जगते ते पाठीमागच्या मुलखावर. इ. स. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि दाभोळचे मोठे गिऱ्हाईकच गेले. पुढे मुंबई वाढली. इ. स. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, नंतर पुणे-मिरज लोहमार्ग आला, आणि आपल्या जिल्ह्यांचा माल घाट उतरण्याऐवजी आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. मोठ्या आगबोटींना खाडीचे उथळ पाणी सोयीचे नव्हते. समुद्र जागेवरच राहिला, वाट मात्र वळली.

आज दाभोळला मासळी उतरते, आणि समोरच्या धोपाव्याहून फेरीबोट माणसे व गाड्या घेऊन ये-जा करते. त्या बोटीवर उभे असताना मला वेगळाच विचार सुचला. आमच्या खालचे पाणी कोणाचे? कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि निसर्गतः कराडला कृष्णेस मिळते. पण धरणात अडविलेले तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडतात. ते चारशे मीटरांहून अधिक खाली कोसळते, वीज निर्माण होते आणि वापरलेले पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिले आहे. व्यापाराची वाट बंद झाली, पण पाणी अजून त्याच दिशेने जाते आहे!

जतच्या मुलाला याचे वाईट वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. टेंभू योजनेतून खानापूर-आटपाडीला आणि म्हैसाळ योजनेतून कवठे महांकाळ-जतला जे पाणी येते, ते टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवावे लागते. त्याला वीज लागते. पश्चिमेकडे पडणारे पाणी वीज देते, पूर्वेकडे चढणारे पाणी वीज खाते. शिवाय चिपळूणच्या बाजूची माणसे आता याच पाण्याच्या आधाराने राहतात. तेव्हा 'आमचे पाणी समुद्रात वाया जाते' एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. किती विजेसाठी, किती पिकासाठी आणि किती पिण्यासाठी, याचा हिशेब दोन्ही बाजूंच्या लोकांनी समोरासमोर बसून करावयास हवा. वीज दुसऱ्या मार्गांनीही मिळू शकते, जतच्या शेताला मात्र पाण्यावाचून दुसरा मार्ग नाही, हे माझे मत मी त्या बैठकीत जरूर मांडीन.

आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास व भूगोल विभागांनी मिळून एक सहल या वाटेने न्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पावसाळ्यापूर्वी निघावे, कोयनेला थांबावे, घाट दिवसाउजेडी उतरावा आणि दाभोळला पोचल्यावर सर्वांनी मिळून एकदा नकाशा उघडावा. वाद होईल, पण तो ऐकण्यासारखा होईल.