गाण्यामागचे हात



'सैराट'ची गाणी वाजली नाहीत अशी वरात आपल्या पारनेर तालुक्यात क्वचितच निघाली असेल. गाणं कुणाचं ते आपल्याला ठाऊक असतं. पण त्यात वाद्यं कुणी वाजवली? आज आपण त्या वादकांबद्दल बोलू.

सिनेमा आला २०१६ साली. संगीत अजय-अतुल या भावांचं. ते तसे आपल्या शेजारचेच. निघोजला कुकडी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर इथंच त्यांचं शिक्षण झालं. घरी वाद्यं नव्हती, म्हणून ज्यांच्याकडे होती त्यांच्याशी दोस्ती करून ते शिकले. 'सैराट'साठी मात्र त्यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या मोठ्या स्टुडिओत, साठहून जास्त वादकांकडून संगीत वाजवून घेतलं.

त्या वादकांना मराठी कुठून येणार? मग त्यांनी वाजवलं कसं? कागदावर बघून. अशा ठिकाणी प्रत्येक वाद्याचे सूर आधीच लिहून ठेवतात. वादक येतो, समोरचा कागद वाचतो आणि वाजवू लागतो. कानातल्या हेडफोनमध्ये ठोका चालू असतो, म्हणून सगळे एका लयीत राहतात. पुढं उभा असलेला संचालक हातानं खुणा करतो. गायकाचा आवाज वेगळा घेऊन नंतर जोडता येतो.

आपल्याकडे रीत वेगळी. ढोलकीवाला गाणारणीच्या तोंडाकडे बघून वाजवतो. ती थांबली की तोही थांबतो. हीसुद्धा मोठी विद्याच आहे. पण रेडिओसाठी आमच्या गटानं हळदीची गाणी म्हटली, तेव्हा आमची फजिती झाली. प्रत्येकीची पट्टी निराळी, बांगड्यांचा आवाज, त्यात कडवी पुढं-मागं. चार वेळा परत गायलो. शेवटी ढोलकीवाले मामाच म्हणाले, "आधी कडवी लिहून काढा, पेटीवर एक सूर धरा. मी चार ठोके देतो, मग उचला." पाचव्या वेळी गाणं जमलं.

घरी निघताना लक्षात आलं, की चहा-नाश्त्याचा, गाडीचा खर्च वहीत होता, पण मामांचं मानधन नव्हतं. एक जण म्हणाली, "ते तर आपलेच आहेत." आम्ही सगळ्या गप्प झालो. आपल्या घरच्या आणि रानातल्या कामालाही असंच म्हणतात ना? "आपलंच आहे," म्हणजे फुकट!

अमेरिकेत वादकांची संघटना १८९६ पासून आहे. तिच्या करारात वादकांचे दर ठरलेले असतात. आपली संघटना नसेल, पण आपल्याकडे गटाची वही आहे. पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला आणि मामांचे पैसे दिले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग पाकीट कपाळाला लावलं.

तुमचा गट गाणी रेकॉर्ड करणार असेल, तर कडवी लिहून घ्या, पट्टी ठरवा, बांगड्या काढून ठेवा, पंखा बंद करा. आणि साथ करणाऱ्याचं मानधन आधी ठरवून वहीत लिहा. गाण्याबरोबर त्याचं नावही सांगा. आमच्या गाण्याआधी मामांचं नाव रेडिओवर लागलं, तेव्हा त्यांच्या अंगणात सगळी आळी जमली होती.