फास्टर फेणे : जुना आणि नवा

वीराची गोष्ट प्रत्येक पिढी नव्याने सांगते. वीराचे नाव तेच राहते. परंतु त्याच्यापुढे उभा ठाकलेला शत्रू मात्र बदलतो. म्हणून एखाद्या पिढीला कशाची भीती वाटत होती हे जाणून घ्यायचे असेल, तर तिच्या वीराचा शत्रू कोण होता हे पाहावे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात मराठी मुलांच्या एका लाडक्या वीराच्या दोन अवतारांची तुलना मी याच दृष्टीने करणार आहे. तो वीर म्हणजे फास्टर फेणे.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या, 'बालमित्र' हे मुलांचे मासिक चालविले. परंतु घरोघर पोचला तो त्यांचा बनेश फेणे ऊर्फ बन्या. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा हा किडकिडीत पोरगा पुण्यात शाळा शिकतो, सायकल दामटतो आणि काही सुचले की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. त्याच्यापाशी दैवी शक्ती नाही, मंतरलेली अंगठी नाही. आहेत ते दोन डोळे, चौकस बुद्धी आणि सायकल. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांची एक पेटी होती. तिच्यात या मालिकेतील एक पुस्तक मला मिळाले. आमच्या घरी शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नव्हते. पुणे मी पाहिले नव्हते, बन्याची भाषाही आमच्या झाडीबोलीहून वेगळी होती. तरीही खेड्यातून शहरात शिकायला गेलेला मुलगा म्हणून तो मला आपला वाटला.

जुन्या फेणेचे शत्रू कोण? चोर, भामटे, हेर. ते सहसा बाहेरून येतात. बन्या कधी प्रतापगडावर जातो, कधी काश्मीरात गुलमर्गला. संकट त्याला वाटेत भेटते. शाळा, मास्तर, पोलीस ही सारी मंडळी मात्र त्याच्याच बाजूची असतात. घर सुरक्षित आहे, धोका दाराबाहेर आहे, असा विश्वास त्या कथांच्या मुळाशी आहे. १९८७ साली दूरदर्शनवर 'फास्टर फेणे' ही मालिका आली व सुमीत राघवन यांनी बन्याची भूमिका केली.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१७ साली, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला. यातील बन्या, म्हणजे अमेय वाघ, अर्ध्या चड्डीतला शाळकरी पोर नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी पुण्याला आलेला तरुण आहे. दिलीप प्रभावळकर यांनी चित्रपटात खुद्द भागवतांचीच भूमिका केली आहे. म्हणजे लेखक आणि त्याने निर्माण केलेला मुलगा समोरासमोर येतात. परीक्षेच्या वेळी भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो. ती आत्महत्या आहे असे सर्वजण म्हणतात. बन्याला ते पटत नाही. शोध घेता घेता तो परीक्षेच्या काळ्या धंद्यापर्यंत पोचतो. गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेला अप्पा हा त्या धंद्याचा सूत्रधार. शत्रू आता गडावर किंवा सरहद्दीवर नाही; तो परीक्षेच्या खोलीतच येऊन बसला आहे.

असा पालट केवळ मराठीतच झाला असे नाही. जपानमध्ये शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून १९७१ साली 'कामेन रायडर' नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. त्यातील मुखवटाधारी वीर मोटारसायकलवर बसून शॉकर नावाच्या दुष्ट संघटनेशी लढतो. सज्जन कोण, दुर्जन कोण, याविषयी शंकाच नसते. १९८९ नंतर मालिकेत मोठा खंड पडला आणि २००० साली ती नव्या रूपात परतली. २००२ सालच्या 'र्युकी' या मालिकेत तर तेरा रायडर एकमेकांशीच झुंजतात. ज्याला त्याला आपली इच्छा पुरी करायची असते. तेथेही शत्रू बाहेरून आत आला.

आता जुना श्रेष्ठ की नवा? जुन्या फेणेत भटकंतीची मौज आहे, निखळ हसू आहे. ते नव्यात कमी झाले. परंतु नव्याने ज्या शत्रूला हात घातला तो आमच्या ओळखीचा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळा २०१३ साली उघडकीस आला. २०२४ साली 'नीट'ची प्रश्नपत्रिका हजारीबाग व पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आमच्या गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत राबणाऱ्या आईबापांच्या मुलालाही ती इमारत आता जवळ दिसते. पण तिच्या दारापर्यंत नेणारी वाट एकाच परीक्षेतून जाते. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालय पाहिले नाही, ज्याला ओळख नाही, वशिला नाही, त्याची सारी पुंजी म्हणजे ती परीक्षा प्रामाणिक असणे. ती पुंजी चोरणारा चोर हा गुप्तहेरापेक्षाही घातक नव्हे काय?

एका बाबतीत मात्र चित्रपटाशी माझे मतभेद आहेत. तेथे अप्पा सापडला की गोष्ट संपते. प्रत्यक्षात अप्पा एकटा नसतो. पेपर विकणारा असतो तसा विकत घेणारा बापही असतो, आणि सारे ठाऊक असून गप्प बसणारे शेजारीही असतात. त्यांना पकडायला सायकल कितीही वेगाने हाकली तरी अपुरीच पडेल.

तरीही दोन्ही फेण्यांत एक गुण समान आहे, आणि तोच मला मोलाचा वाटतो. सर्वजण मान डोलावीत असताना तो थांबतो आणि विचारतो, 'हे असे कसे?' या प्रश्नाला दैवी शक्ती लागत नाही, पैसा लागत नाही. पुढचा फेणे देवरी किंवा सालेकसा तालुक्यातला असावा, त्याने हा प्रश्न आपल्या झाडीबोलीत विचारावा आणि तो लिहिणारा लेखक आपल्याच महाविद्यालयातून निघावा, अशी इच्छा व्यक्त करून मी हा लेख पुरा करतो.