क्षयाचं इंजेक्शन आणि आतला कान

मागच्या वेळी आपण आतल्या कानाची रचना पाहिली. आज एक औषध तिथे पोचून काय करतं ते पाहू. औषध वाईट नाही, हे आधीच सांगतो. त्यानं असंख्य जीव वाचवलेत.

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्यानं मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. तोवर क्षयावर खात्रीचं औषधच नव्हतं. पण रोग्यांना ते द्यायला लागल्यावर थोड्याच काळात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की क्षय हटतोय पण काहींचा तोल जातोय. मग त्यात रासायनिक बदल करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन आणलं. त्यानं बहिरेपणच वाढलं! आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

या कुळाला अमायनोग्लायकोसाइड म्हणतात. जेंटामायसिन, अमिकासिन, कानामायसिन ही त्यातलीच भावंडं. (कानामायसिनच्या नावात 'कान' आहे तो निव्वळ योगायोग, ते जपानमध्ये सापडलं.) स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन तोल सांभाळणाऱ्या भागाला जास्त त्रास देतात, अमिकासिन आणि कानामायसिन ऐकण्याच्या भागाला.

आता आत काय घडतं? शंखासारख्या वळणदार कॉक्लियात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजानं त्यांचे केस हलले की बारीक दारं उघडतात आणि विद्युत संदेश तयार होतो. औषध नेमकं याच दारांतून आत शिरतं आणि तिथे अडकून पडतं. रक्तातून ते काही तासांत उतरतं, पण कानात महिनोन् महिने राहू शकतं. पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, ते बिघाड करतं आणि पेशी मरते. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात. आपल्या कॉक्लियात नाही उगवत.

मायटोकॉन्ड्रिया आपल्याला फक्त आईकडून मिळतात. त्यांच्या जनुकात १५५५ क्रमांकाच्या जागी एक विशिष्ट बदल असेल, तर अगदी नेहमीच्या मात्रेनंही ऐकू येणं जाऊ शकतं. म्हणून आम्ही रोग्याला विचारतो : आई, मावशी, मामा, आजी यांपैकी कुणाला इंजेक्शनांनंतर कमी ऐकू यायला लागलं होतं का? प्रश्न साधा आहे, पण विचारायचा राहून जातो.

खरी अडचण पुढे आहे. या पेशी मरायला सुरुवात होते ती कॉक्लियाच्या बुडाशी, जिथे सगळ्यात उंच स्वर ऐकू येतात. बोलणं त्याहून खालच्या स्वरांत चालतं, त्यामुळे रोग्याला काहीच जाणवत नाही. नेहमीची तपासणी ८००० हर्ट्झपर्यंतच जाते, म्हणून तिच्यातही सुरुवातीला काही दिसत नाही. नुकसान खाली सरकलं की आधी 'स', 'श' निसटायला लागतात. 'सात' म्हटलं तर 'आत' ऐकू येतं. घरचे म्हणतात, लक्ष कुठंय तुझं? कुणाला कानात रातकिडे ओरडल्यासारखं वाटतं. तोलाचा भाग गेला असेल तर अंधारात चालता येत नाही, चालताना दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढे हलतात.

म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधीच कानाची तपासणी हवी, शक्य तिथे उंच स्वरांचीही. नंतर औषध चालू असताना ठरावीक अंतरानं. आधीचा आलेख नसेल तर कशाशी ताडून पाहणार? मूत्रपिंड कमजोर असेल किंवा फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात ही इंजेक्शनं वर्षानुवर्षं सहा-सहा महिने, कधी त्याहून जास्त दिली गेली. जीव वाचला, कान गेला, हा सौदा रोग्याला न विचारता झाला, असं आमचं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८-१९ मध्ये कानामायसिन वगळायला सांगितलं. आता भारतातही बेडाक्विलिनसारख्या गोळ्यांवर भर आहे. अमिकासिन मात्र गंभीर संसर्गात अजूनही लागतं, नवजात बाळांनाही.

मग शिट्टी वाजायला लागली तर इंजेक्शन बंद करायचं का? स्वतःहून नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. ते मात्रा बदलतील, अंतर वाढवतील किंवा दुसरं औषध देतील. आणि कोर्स संपल्यावरही काही महिने तपासणी चालू ठेवायची, कारण काहींचं ऐकणं औषध थांबल्यानंतर कमी व्हायला लागतं.