पोकळी भरू नका

मे महिन्यात आटगावला पत्र्याच्या घरात दुपार काढणं ही एक परीक्षाच असते. गेल्या उन्हाळ्यात माझी १३ वर्षांची भाची ती परीक्षा काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टिकचा कडक पट्टा बांधून देत होती. तिच्या पाठीचा कणा एका बाजूला वळला आहे. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात.

"मामू, इथं फार रुततंय," ती रडवेली होऊन सांगायची. अम्मीला ते पाहवेना. तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला. एका बाजूला तो बरगड्यांवर दाबत होता आणि समोरच्या बाजूला मूठभर जागा रिकामी होती. "अंग आत हलतं, म्हणून रुततं," असा तिने निष्कर्ष काढला आणि जुन्या गोधडीचा तुकडा घडी घालून त्या पोकळीत बसवला. मीही मान डोलावली.

पुढच्या तपासणीला पट्टा बनवणाऱ्या तंत्रज्ञांनी, म्हणजे ऑर्थोटिस्टनी, तो तुकडा हळूच बाहेर काढला. म्हणाले, "आजींनी मायेनं केलं, पण ही जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवलेली असते."

तेव्हा मला पट्ट्याचं गणित समजलं. कणा ज्या बाजूला बाहेर आलेला असतो, तिथे आतून फोमची गादी लावतात. ती अंगाला आत ढकलते. ढकललेल्या अंगाला सरकायला जागा हवी, म्हणून समोर पोकळी. ती भरली, तर दाब राहतो, पण सुधारणेची वाटच बंद होते. म्हणजे ही गादी आरामाची नव्हे, ती औषधाची मात्रा आहे. कुठे आणि किती जाड लावायची, हे एक्स-रे पाहून ठरतं. मूल वाढतं तशी तीही बदलावी लागते.

वाढत्या वयात वळण साधारण २५ ते ४० अंशांचं असेल, तर डॉक्टर पट्टा सुचवतात. पट्टा कणा कायमचा सरळ करत नाही. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत वळण वाढू न देणं, हे त्याचं काम. अमेरिका व कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पट्टा घेतलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे ५० अंशांपर्यंत गेलं नाही. पट्ट्याविना हे प्रमाण ४८ टक्के होतं. रोज सरासरी १३ तास किंवा अधिक पट्टा वापरणाऱ्यांत तर यश ९० टक्क्यांवर गेलं.

म्हणूनच रुतण्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. रुततो म्हणून मूल पट्टा काढून ठेवतं आणि तास बुडतात. आत घट्ट बसणारा, सुरकुती न पडणारा सुती बनियन घालावा आणि घामाने भिजला की बदलावा. पट्टा सैल बांधू नये. सैल पट्टा जास्त घासतो. गादीखाली त्वचा लाल होणारच. पट्टा काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली, तर काळजी नको. ती टिकली, फोड आला किंवा कातडी सोलली, तर ऑर्थोटिस्टकडे जावं. ते कड तासतात, प्लास्टिक तापवून बाहेर वळवतात किंवा योग्य जागी पातळ गादी चिकटवतात. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे. तिथे असे पट्टे बनवण्याचा विभाग आहे. आटगावहून कसारा मार्गाची लोकल धरायची आणि दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं. दिवस मोडतो, पण तो सत्कारणी लागतो.

मी कविता लिहिणारा माणूस. ओळीत जागा उरली म्हणून भरीचा शब्द घातला की कविता बिघडते, हे मला ठाऊक होतं. पण पट्ट्याच्या बाबतीत ते मला सुचलं नाही.

अम्मीची सुई मात्र थांबलेली नाही. आता ती भाचीचे बनियन शिवते. शिवण बाहेरच्या अंगाला घेते, म्हणजे पाठीला टोचायला नको.