चाकांवरचे घर आणि दक्षिणेची वाट

निजणे, स्वयंपाक आणि शौचालय यांची सोय ज्या वाहनातच असते त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आणले, आणि हिवाळ्यात सावकाश दक्षिणेकडे निघणाऱ्या निवृत्त दांपत्याला पुणे-नाशिक महामार्गावरील आळेफाटा ते मंचर हा टप्पा आरंभासाठी विशेष अनुकूल आहे. या टप्प्याजवळचा ओझरचा विघ्नहर गणपती कुकडी नदीकाठी, सपाटीवर असल्याने ज्येष्ठांना सुलभ आहे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती मात्र बौद्ध लेण्यांच्या समूहात असून बऱ्याच पायऱ्या चढूनच भेटतो, आणि गुडघे साथ देत नसतील तर डोलीत बसण्यात कमीपणा मुळीच नाही.

मुक्कामाची जागा निवडताना अधिक विचार हवा, कारण जुन्नर परिसरातील बिबटे उसाच्या दाट फडांत आसरा घेतात, तेथेच पिले वाढवतात आणि अंधार पडल्यावर भक्ष्यासाठी बाहेर पडतात. म्हणून उसालगत गाडी उभी न करता वस्तीतल्या, उजेडाच्या आवारातच थांबणे अत्यावश्यक ठरते. मंचरहून पश्चिमेला घोडेगावमार्गे गेल्यास घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय लागतो. आंबेगाव तालुक्याला नाव देणारे मूळ गाव त्याच पाण्याखाली गेले असून तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.